पदवीनंतरची पाठशाळा

दवाखान्यात आपले पाऊल पडले, की पहिली नजर जाते ती भिंतीवर चौकटीत बसविलेल्या पदवीपत्राकडे. त्यावरील विद्यापीठाचा शिक्का आणि कुलगुरूंची सही पाहून आपल्या जिवाला धीर येतो. हा धीर अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या कागदावर एक तारीखही असते आणि तिच्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. ती तारीख एवढेच सांगते, की अमुक वर्षापर्यंत जी विद्या ज्ञात होती, तिची परीक्षा या गृहस्थांनी दिली. शास्त्र त्या तारखेपाशी थांबत नाही. ते पुढे निघून जाते. त्याच्याबरोबर हे गृहस्थही गेले, की ते त्या तारखेपाशीच उभे राहिले, हे पदवीपत्र सांगू शकत नाही.

या तारखेनंतरच्या शिक्षणाविषयी आज आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय डॉक्टर मंडळींचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणास वाटेल. पण डॉक्टर शिकला नाही तर त्याचे प्रायश्चित्त डॉक्टर घेत नाही, ते रोग्याला घ्यावे लागते. म्हणून हा विषय जितका त्यांचा तितकाच आपलाही आहे. आणि उपदेश करण्यापेक्षा इतिहास सांगावा हे बरे, कारण उपदेशावर वाद घालता येतो, घडून गेलेल्या गोष्टीवर येत नाही. आम्ही जो इतिहास निवडला आहे तो दूरदेशीचा नाही. तो आपल्या मुंबईत घडला आहे. तो मुंबईच्या प्लेगाचा इतिहास होय. प्लेगाच्या कथा आपण आजवर ऐकल्या त्या रँडच्या, सोजिरांच्या आणि घरझडत्यांच्या. आज त्याच काळाकडे आपण दुसऱ्या बाजूने पाहू: पदवी घेतलेल्या शहाण्या माणसांना बारा-पंधरा वर्षे पुन्हा विद्यार्थी व्हावयास लावणारी एक कठोर पाठशाळा म्हणून.

सन १८९६चा सप्टेंबर महिना. मुंबईच्या मांडवी भागात, जेथे धान्याच्या वखारी दाटीने उभ्या होत्या तेथे, एक विलक्षण ताप दिसू लागला. जांघेत, काखेत गाठ येई, ताप चढे, रोगी बरळू लागे आणि दोनचार दिवसांत आटोपे. या भागात डॉ. अकासिओ व्हिएगस हे वैद्यकीय व्यवसाय करीत असत. ते मूळचे गोव्याचे, बार्देशातील हडफड्याचे. १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते बाहेर पडले होते. या रोग्यांना तपासून त्यांनी निदान केले, की हा साधा ताप नव्हे, हा गाठीचा प्लेग आहे; आणि २३ सप्टेंबर रोजी म्युनिसिपालिटीच्या स्टँडिंग कमिटीपुढे ते त्यांनी उघड बोलून दाखविले.

आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो. पण त्या दिवशी ते उच्चारावयास छाती लागली असेल. व्हिएगसांच्या हयातीत मुंबईने प्लेग पाहिला नव्हता. प्लेग म्हणताच बंदर बंद होणार, व्यापार बुडणार, गाव रिकामे होणार, हे प्रत्येकाला दिसत होते. आणि विद्येच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्हिएगस कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा प्लेगाचा जंतू कोणालाच ठाऊक नव्हता. तो येर्सिन आणि कितासातो यांनी हाँगकाँगच्या साथीत शोधला १८९४ साली, म्हणजे व्हिएगसांच्या पदवीनंतर चौदा वर्षांनी. ज्या रोगाची ओळख शाळेत डोळ्यांनी झाली नाही, तो डोळ्यांसमोर येताच ओळखावा, हे शाळेच्या शिदोरीवर होत नाही. त्यासाठी नजर रोज घासूनपुसून ठेवावी लागते. पुढे हाफकिन मुंबईत आले, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिले आणि व्हिएगसांचे निदान खरे ठरले. धोबीतलावावर त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून जाताना, हा पुतळा पदवीचा नसून पदवीनंतरच्या अभ्यासाचा आहे, असे आम्हांला नेहमी वाटते.

निदान झाले, पण उपाय काय? येथून पाठशाळेचा अवघड भाग सुरू होतो. तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांना जे शिकविले गेले होते तेच त्यांनी केले. रोग घाणीतून होतो, दूषित हवेतून होतो, हे त्यांच्या पिढीचे बाळकडू. त्यात जंतूंची नवी विद्या मिसळली, तेव्हा जंतू जमिनीत, भिंतीत, कपड्यांत दडून बसतात असे त्यांनी अनुमान केले. म्हणून गटारे धुतली, कार्बोलिकचे फवारे मारले, घरांना चुना दिला, ऊन आत यावे म्हणून छपरे उघडली, जमिनी उकरल्या, लोकांची अंथरुणे जाळली. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि या सर्व उपायांच्या पाठीशी सरकारचा दंडुका उभा राहिला. त्या दंडुक्याने पुण्यात काय अनर्थ केला, हे सांगावयास नको. येथे सांगावयाचे ते एवढेच, की हे उपाय करणारे अडाणी नव्हते. ते त्यांच्या काळातले सुशिक्षित होते. त्यांची विद्या खोटी नव्हती, अपुरी होती. आणि ती अपुरी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. अपुऱ्या विद्येपेक्षा हे न ठाऊक असणेच अधिक घातक.

या काळात एक गोष्ट सामान्य माणसाला मात्र ठाऊक होती. आधी घरात उंदीर पडू लागतात आणि मग माणसे पडतात. 'उंदीर पडला' म्हणताच माणसे भांडीकुंडी उचलून गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहात. हिमालयातील गढवाल-कुमाऊँ भागांत तर लोक हे फार पूर्वीपासून करीत आले होते आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तशी नोंदही करून ठेवली होती. येर्सिननेही मेलेल्या उंदरांत जंतू पाहिले होते. पण उंदराचा रोग माणसाच्या अंगात शिरतो कोणत्या वाटेने, हे कोडे सुटत नव्हते.

ते सोडविणारा माणूस हा आमच्या आजच्या विषयाचा मोठाच दृष्टांत आहे. पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच सैन्यातील डॉक्टर. १८८७ साली ते डॉक्टर झाले. नोकरी उत्तम होती, परदेशांतला अनुभव दांडगा होता. तरीही १८९५ साली, सदतिसाव्या वर्षी, हा गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जंतुशास्त्र शिकण्यासाठी पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. १८९७ साली येर्सिनच्या जागी ते हिंदुस्थानात आले. रोगी तपासताना त्यांना काहींच्या अंगावर एक लहानसा फोड दिसला. मोहरीएवढ्या फोडाकडे कोण पाहतो? सिमाँनी पाहिले. फोडातील द्रवात प्लेगाचे जंतू सापडले. फोड ही कशाच्या तरी चाव्याची जागा, हे त्यांनी हेरले. जून १८९८ मध्ये कराचीस एका तंबूतल्या साध्या प्रयोगाने त्यांनी दाखविले, की आजारी उंदराचा रोग निरोगी उंदराकडे पिसवा वाहून नेतात. दोघा उंदरांचा एकमेकांना स्पर्श झाला नाही, तरी पिसवांची उडी जेथवर पोचे तेथवर रोग पोचला. त्याच वर्षी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

आता विद्वानांनी काय केले ते ऐका. १८९८ सालीच सरकारने प्लेग कमिशन नेमले होते. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर त्याचे अध्यक्ष आणि आल्मरॉथ राइट यांच्यासारखे नामांकित जंतुशास्त्रज्ञ त्याचे सदस्य. त्यांनी सिमाँचा पुरावा विचारात घेण्याइतकाही सबळ नाही, असा अभिप्राय दिला आणि पिसूला जवळजवळ दोषमुक्त करून सोडले. दुसऱ्यांनी युरोपात प्रयोग करून पाहिले, ते फसले, हेही एक कारण झाले. ते का फसले याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नव्हतेच. युरोपातील उंदरावरची पिसू निराळ्या जातीची असते आणि ती माणसाच्या वाटेस क्वचितच जाते. उष्ण देशांतील उंदरावरची पिसू निराळी. या पिसूला १९०३ साली नाव दिले ते चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. ते सावकारी पेढीवरचे. पिसवा गोळा करणे हा त्यांचा छंद! मोठमोठ्या वैद्यांना जे कळेना ते एका पेढीवाल्याच्या छंदाने सोपे केले. शिकावयाचे कोणाकडून, या प्रश्नाला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे: ज्याला माहीत असेल त्याच्याकडून.

मुंबईच्या परळ येथील प्लेग प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन नावाचे लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर होते. कमिशनने दप्तरबंद केलेला प्रश्न त्यांनी पुन्हा उघडला. एका चाळीत उंदीर मेले; पाठोपाठ रहिवासी पिसवांनी हैराण होऊन बाहेर पडवीत निजू लागले; मग प्लेग आला. लिस्टन तेथे गेले. त्यांनी माणसांच्या अंगावरच्या पिसवा पकडून तपासल्या, तो त्यांत बऱ्याचशा उंदरांवरच्या निघाल्या. उंदीर मेला की त्याच्या पिसवा भुकेल्या होतात आणि माणसाकडे वळतात. लोक म्हणत होते तेच खरे, फक्त मधली कडी आता सापडली. लिस्टन यांनी हा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींपुढे, म्हणजे पशुपक्षी आणि कीटकांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे वाचला आणि १९०५ साली तो त्यांच्या नियतकालिकात छापला गेला. व्याख्यानमालांना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

१९०५ साली नवे संशोधक मंडळ मुंबईत कामास लागले. त्यांचा एक प्रयोग इतका सोपा आहे, की तो शाळकरी मुलालाही सांगता येईल. प्लेगी पिसवा असलेल्या जागेत त्यांनी पिंजऱ्यात प्राणी ठेवले. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. खालच्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगाने मेले, वरच्यातले वाचले. पिसूची उडी सुमारे चार इंचांची! हवा दोन्ही पिंजऱ्यांना एकच होती. दोष हवेत असता तर दोन्हीकडचे मेले असते. १९०६ पासून हे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले आणि वाद मिटला. १९१४ साली बॅकॉट आणि मार्टिन यांनी आणखी पुढची कडी जोडली: पिसूच्या अन्ननलिकेत जंतूंचा बोळा बसतो, तिला रक्त गिळता येत नाही, ती भुकेने पुनःपुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतू सोडते.

सिमाँचा तंबू १८९८चा आणि मंडळाचे अहवाल १९०६चे. मध्ये आठ वर्षे गेली. ही आठ वर्षे विद्वानांच्या दृष्टीने काही मोठी नव्हेत. पण प्लेग त्यांच्यासाठी थांबला नव्हता. एकट्या १९०७ सालात हिंदुस्थानात सुमारे तेरा लाख माणसे प्लेगाने मेली आणि या सबंध साथीचा आकडा कोटीच्या वर जातो. पिसू आधी ओळखली असती तर सारे वाचले असते, असे म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाही. तेव्हा औषधही नव्हते. परंतु चुना आणि कार्बोलिक यांवर ओतलेला पैसा, आणि त्याहून मोलाचा असा लोकांचा विश्वास, योग्य मार्गाला लागला असता. घर सोडून झोपडीत जाणाऱ्या माणसाला गुन्हेगार समजण्याऐवजी, तो शहाणपणच करतो आहे, हे डॉक्टरांना आठ वर्षे आधी कळले असते.

याच पाठशाळेतला एक धडा चुकीविषयीचा आहे. हाफकिन हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्राचे होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगाची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा पाहिली. पुढे लाखो लोकांनी ती घेतली. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ माणसांना लस टोचली, त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. हे सारे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना काम सोडावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे पुराव्यांत असूनही निर्दोष ठरावयास हाफकिन यांना १९०७ साल उजाडले. चूक झाली की दोषी शोधावयाचा, धडा शोधावयाचा नाही, ही आपली जुनी खोड. आणि धडा कोणता? शिकणे हे केवळ मोठ्या डॉक्टरांचे काम नव्हे. बाटलीचे बूच काढणारा हात, सुई उकळणारी परिचारिका, औषध मोजून देणारा कंपाउंडर, या प्रत्येकाचे शिक्षण चालू राहिले पाहिजे. साखळीची कोणती कडी तुटेल ते आधी सांगता येत नाही.

हाफकिन यांची बाजू घेऊन झगडणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होते, हा योगायोग बोलका आहे. रॉस १८८१ साली लष्करी वैद्यकीय सेवेत आले. हिवतापाचा जंतू लाव्हराँने १८८० साली शोधला होता, पण रॉस यांना तो कधी दिसेना, म्हणून असा जंतू आहे यावरच त्यांचा विश्वास नव्हता. १८९४ साली रजेवर लंडनला गेले असता मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून तो दाखविला. त्या वेळी रॉस सदतिशीच्या आसपास होते. आपण चुकत होतो हे त्यांनी मान्य केले आणि त्याच जंतूच्या मागे लागून २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या पोटात तो गाठला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याने 'माझे चुकले' म्हटले, त्याच्याच हातून शोध लागला.

कोणी म्हणेल, ही सारी प्रयोगशाळांतली थोर माणसे. आडगावच्या डॉक्टराने काय करावे? त्याला उत्तर आहे, आणि ते आपल्या कोकणातच आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीस आले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे, लहान मुले दगावत. पाठ्यपुस्तकात यावर पुरेसे काही नव्हते. या तरुण डॉक्टरने रोग्याच्या उशाशी बसून रात्र रात्र नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. माणूस मरतो तो हृदय व फुप्फुसे यांवरील ताणाने, हे ओळखले. पुढे ते पुण्यास जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुन्हा महाडला परतले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. १९८६ साली हे काम 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात आले. गंभीर दंशाच्या रोग्यांत पूर्वी शंभरांत पंचवीस-तीस जण मरत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. या कामाला ना मोठी प्रयोगशाळा लागली, ना परदेशची वारी. लागली ती वही, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि 'हे मला कळत नाही' असे स्वतःशी म्हणण्याचा प्रांजळपणा.

शिकण्याइतकेच न विसरणे महत्त्वाचे असते, हे मात्र आपण उशिरा शिकलो. १८९६ साली जो तरुण डॉक्टर झाला, त्याने आपल्या हयातीत प्लेगाची लस पाहिली, पिसू पाहिली आणि वृद्धपणी सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसीन हेही पाहिले. प्लेग आटोक्यात आला आणि १९६६ नंतर तर देशातून नाहीसाच झाला. मग तो परीक्षेतला एक लहानसा प्रश्न होऊन राहिला. सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेस प्लेगाची हाक उठली, तेव्हा जो गोंधळ झाला तो अनेकांना आठवत असेल. टेट्रासायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होणारा रोग, पण नाव ऐकताच लक्षावधी माणसे सुरत सोडून पळाली आणि त्यांत अनेक डॉक्टरही होते. १८९६ साली मांडवीत औषध नव्हते, पण रोग ओळखून पाय रोवून उभा राहणारा माणूस होता. १९९४ साली औषध होते.

सरकारने याचा विचार केला नाही असे नाही. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत, प्रत्येक डॉक्टराने दर पाच वर्षांत निदान ३० तास अशा शिक्षणासाठी द्यावे, असे सांगितले गेले. नियम चांगला. पण पाच वर्षांत तीस तास म्हणजे महिन्याला अर्धा तास! आणि हजेरीपटावर सही करून चहाफराळाला जाणाऱ्याचेही तीस तास भरतातच. सिमाँना फोडाकडे पाहावयास कोणत्या नियमाने लावले नव्हते. नियम माणसाला सभागृहापर्यंत नेईल. पुढे नेणारी गोष्ट म्हणजे आपल्या हातून गेलेल्या रोग्याची आठवण.

आणि शेवटी आपल्यालाही एक गोष्ट विचारावीशी वाटते. आपण कोणत्या डॉक्टरला मोठा म्हणतो? नाडीवर हात ठेवताच रोग सांगणाऱ्याला. 'थांबा, मला जरा पुस्तक पाहू द्या', 'यात माझ्याहून जाणत्याला विचारतो', असे जो म्हणतो त्याच्या मागे आपण हसतो आणि दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतो. म्हणजे डॉक्टराने सर्वज्ञतेचे सोंग घ्यावे असा आग्रह आपलाच! ज्या गावात डॉक्टरला 'मला ठाऊक नाही' म्हणण्याची सोय नाही, त्या गावात डॉक्टर शिकणार कसा? व्हिएगसांना मांडवीत खरे बोलण्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवावी लागली. निदान खरे बोलणाऱ्या डॉक्टराला तरी आपण ती मोजावयास लावू नये.

दवाखान्यात गेलात की भिंतीवरचे पदवीपत्र जरूर पाहावे. त्याला नमस्कार करावयासही हरकत नाही. पण मग टेबलाकडेही एक दृष्टी टाकावी. तेथे एखादे उघडे पुस्तक दिसले, खुणा केलेले नियतकालिक दिसले, जुन्या रोग्यांच्या टिपणांची वही दिसली, तर निश्चिंत मनाने हात पुढे करावा. समोरचा माणूस अजून शाळेत जातो आहे, आणि रोग्याला त्याहून मोठा आधार दुसरा नाही.